वाचकांचे प्रश्न : आवडता नट, शोकांतिका आणि खुर्ची नंबर

प्रश्न : आमचा आवडता नट ‘नटसम्राट’मध्ये बेलवलकर करतोय. गडकरी रंगायतनला रविवारी दुपारी प्रयोग आहे. पहिली रांग मिळतेय, घेऊ का? आणि नाटक आधी वाचावं की कोऱ्या मनानं जावं?
– एक वाचक, ऐरोली

उत्तर : पहिली रांग सोडा. विनोदी नाटकाला ती चालून जाते. नट उभे असतात, पुढे येऊन बोलतात. शोकांतिकेत मात्र शेवटाकडे माणूस खाली बसतो, कोसळतो, आडवा होतो. बेलवलकर, म्हणजे नाटकाचा नायक असलेला म्हातारा नट, तर अखेरीस फुटपाथवर येतात. रंगमंच साधारण तीन-साडेतीन फूट उंच, आणि खुर्चीत बसल्यावर आपले डोळे त्याच्या जेमतेम वर. नट आडवा झाला की समोर दिसतात तळवे. चेहरा मंचाच्या कडेआड जातो. ज्या अर्ध्या तासासाठी तिकीट काढलं, नेमका तोच हुकतो.

पाचवी ते दहावी रांग, तीही मधल्या खुर्च्या, ही उत्तम जागा. तिथून मंचाची जमीन दिसते आणि डोळ्यांतलं पाणीही. अगदी कडेला बसलात तर त्या बाजूच्या विंगेजवळचा कोपरा कापला जातो, शिवाय एकाच स्पीकरचा आवाज कानावर येत राहतो. खालच्या मजल्यावर बाल्कनीच्या छताखाली पार मागे बसलात तर पुटपुटलेली वाक्यं विरतात. त्यापेक्षा बाल्कनीची पहिली रांग बरी: चेहरा लहान दिसतो, पण अख्खी हालचाल समजते.

वाचून जा, बेलाशक. शेवट ठाऊक असल्यानं शोकांतिकेचं काही बिघडत नाही, उलट पहिल्या अंकापासून काळजात धाकधूक सुरू होते. नाटककार शिरवाडकरांनी शेक्सपिअरच्या ‘किंग लिअर’चा धागा घेतलाय, तेव्हा तेवढी गोष्ट माहीत असू द्या: म्हातारा राजा राज्य मुलींना वाटून टाकतो आणि बेघर होतो. मग बेलवलकर हौसेनं सगळं मुलांच्या हवाली करतात तो आनंदाचा प्रसंगच अंगावर येतो. स्वगतं तेवढी दोनदा वाचा. ऐकताना शब्द शोधावे लागले नाहीत, तर नट कुठे थांबतो, कुठे श्वास घेतो इकडे लक्ष जातं. खरा नट तिथेच कळतो.

जुनी चित्रफीत मात्र आदल्या रात्री बघू नका. २३ डिसेंबर १९७० रोजी गोवा हिंदू असोसिएशननं हे नाटक आणलं, तेव्हा बेलवलकर होते डॉ. श्रीराम लागू. तो आवाज कानात घेऊन गेलात तर समोरच्या नटाची प्रत्येक ओळ तुम्ही ताडून बघत बसाल, आणि त्यात त्याचं नुकसान कमी, तुमचं जास्त.

राहता राहिला रविवार. ट्रान्स-हार्बरवर मेगाब्लॉक आहे का, हे शनिवारीच बघा. ठाण्याला उतरून तलावपाळीपर्यंत चालत दहा-पंधरा मिनिटं धरा. गाडी आणलीत तर पार्किंग शोधण्यात पहिली घंटा निघून जाईल.

प्रश्न : ज्या नटासाठी गेलो तो नव्हताच, भूमिकेत दुसरेच कोणी! आधी कसं कळावं?
– वाचक, कोपरखैरणे

उत्तर : नाटकाचं नाव बघून तिकीट काढू नका, त्या तारखेची जाहिरात वाचा. एकाच भूमिकेत दोन नट आलटून-पालटून असू शकतात. नटाचं नाव छापलेलं नसेल तर तिकीट खिडकीवर सरळ विचारा. ऐन वेळी आजारपणामुळे बदल झाला, तर तिसऱ्या घंटेच्या आत खिडकीवर जाऊन बोला. पडदा उघडल्यावर पैसे मागणं अवघड असतं.

प्रश्न : वाशीच्या विष्णुदास भावे नाट्यगृहात ‘एकच प्याला’ बघणार आहोत. पदाला वन्समोअर द्यावा का? प्रसंग तर रडवणारा.
– वाचक, नेरूळ

उत्तर : संगीत नाटकात वन्समोअरची, म्हणजे पद पुन्हा गायला लावायची, प्रथाच आहे, तेव्हा पहिल्या अंकांत खुशाल द्या. नाटककार राम गणेश गडकरी गेले २३ जानेवारी १९१९ला, आणि महिन्याभरात बडोद्याला गंधर्व नाटक मंडळीनं हे नाटक उभं केलं. नायिका सिंधूच्या भूमिकेत होते बालगंधर्व. त्यांच्या गाण्यावर लोक जीव ओवाळून टाकत. पण उत्तरार्धात सिंधूची दैना सुरू झाली की हात आवरा. तिथे टाळी पडली तर नटीला गायिका म्हणून मान झुकवावी लागते आणि पुन्हा सिंधू व्हायला दोन-चार वाक्यं खर्ची पडतात. खोकल्याची गोळी असेल तर तिचा कागद मध्यंतरातच सोडून ठेवा. शांततेत तो चुरचुर वाजतो आणि मंचापर्यंत जातो.

प्रश्न : घाणेकर नाट्यगृहात प्रयोगानंतर नटाला भेटता येईल? मध्यंतरात गेलो तर गर्दी कमी असते.
– वाचक, मानपाडा

उत्तर : मध्यंतरात नकोच. त्या दहा-पंधरा मिनिटांत कपडे, रंगभूषा बदलायची असते, आणि रडण्याआधीचा नट हसून फोटो देऊन परत गेला तर दुसरा अंक पडतो. शेवटचा पडदा पडल्यावर पंधरा-वीस मिनिटं थांबा, रंगपटाच्या, म्हणजे नटांच्या खोलीच्या, दाराशी व्यवस्थापकांना विचारा. त्याच दिवशी रात्री दुसरा प्रयोग असेल तर दुपारच्यांनी भेटायचा हट्ट धरू नये. घसा शेकायला आणि पाठ टेकायला त्याला तेवढाच वेळ असतो. आत गेलात की ‘छान झालं’ म्हणण्याऐवजी एखादी जागा सांगा, अमुक ओळीनंतर थांबलात ते. फोटो हवाच असेल तर एक, तोही फ्लॅश न मारता.