अडीच वर्षांच्या मुलाला ऑटिझम, थेरपी कोणती निवडावी?

तुम्ही विचारलंय की स्पीच, ऑक्युपेशनल, एबीए (वागणूक टप्प्याटप्प्याने शिकवण्याची पद्धत) आणि स्टेम सेल यातलं नेमकं काय करावं. स्टेम सेल आधी यादीतून काढा. ऑटिझमसाठी हा उपचार करू नये, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने 2022 मध्ये सांगितलंय. कीलेशन (औषधाने शरीरातले धातू काढणं) आणि हायपरबॅरिक ऑक्सिजन (जास्त दाबाखाली ऑक्सिजन देणं) यांच्याही नादी लागू नका.

उरलेल्यांत नावापेक्षा तुमच्या मुलाची अडचण बघा. बोलणं, खुणा, हाक मारल्यावर बघणं हे अडत असेल तर स्पीच थेरपी; कपडे, जेवण, आवाजांचा त्रास असेल तर ऑक्युपेशनल. थेरपिस्टची आरसीआय म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी विचारा (ऑक्युपेशनलवाल्यांची वेगळी असते). तीन महिन्यांत काय साधायचं हे लेखी द्यायला सांगा. आई-वडिलांना खोलीबाहेर बसवणारं सेंटर मी तरी निवडणार नाही.

कारण खरा वेळ घरातच मिळतो. गोवा आणि रावळपिंडीत झालेल्या ‘पास’ अभ्यासात पालकांच्या खेळण्याचा व्हिडिओ काढून तो त्यांच्यासोबत बघत शिकवलं. मुलं स्वतःहून जास्त संवाद साधू लागली. म्हणजे मूल गाडीचं चाक फिरवतंय, तर ‘रंग कोणता, सांग’ असा मारा नको. शेजारी बसून ‘फिरलं!’ एवढंच म्हणा आणि थांबा. हे थांबणंच आपल्याला जमत नाही.

पैशांची ओढाताण असेल तर जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात आधी चौकशी करा. अपंगत्व प्रमाणपत्र झालं की ‘निरामय’ हा सरकारी आरोग्य विमाही काढा, त्यात वर्षाला 1 लाखापर्यंत खर्च मिळतो आणि थेरपीही येते.