आयर्लंडचा दरडोई जीडीपी लाख डॉलरच्या वर, मग तिथली माणसं घरभाड्यावरून का ओरडतात?

तुमचा प्रश्न असा: आयर्लंडचा दरडोई जीडीपी अमेरिकेपेक्षाही जास्त दिसतो, तरी डब्लिनमधले आपले लोक भाडं परवडत नाही म्हणतात, मग हे आकडे खोटे आहेत का?

खोटे नाहीत. हे आधी सांगून टाकतो, कारण ‘आयर्लंडने आकडे फुगवले’ हे वाक्य ऐकलं की माझं डोकं उठतं. तिथलं केंद्रीय सांख्यिकी कार्यालय, म्हणजे सीएसओ, जीडीपी अगदी नियमाबरहुकूम मोजतं. जीडीपी म्हणजे देशाच्या हद्दीत नोंदलेल्या उत्पादक संस्थांनी केलेलं मूल्यवर्धन. ते कोणाच्या खिशात गेलं, याच्याशी त्याला कर्तव्य नसतं. लोक त्यालाच माणशी कमाई समजतात आणि हिशोब जुळला नाही की मोजणाऱ्याला लबाड ठरवतात.

हा सगळा गैरसमज पेटला तो १२ जुलै २०१६ रोजी. त्या दिवशी सीएसओने २०१५ सालचे राष्ट्रीय लेखे, म्हणजे देशाच्या उत्पादन-उत्पन्नाचा वार्षिक हिशोब, जाहीर केले. आधीच्या अंदाजात ७.८ टक्के असलेली जीडीपीची वाढ थेट २६.३ टक्क्यांवर गेली होती. अमेरिकन अर्थतज्ज्ञ पॉल क्रुगमन यांनी त्याला ‘लेप्रेकॉन इकॉनॉमिक्स’ (लेप्रेकॉन म्हणजे आयरिश लोककथांतला जादुई बुटका) म्हटलं आणि जगभर हशा पिकला. वर सीएसओने काही तक्ते नेहमीपेक्षा कमी तपशिलात दिले, म्हणून ‘काहीतरी लपवताहेत’ अशी ओरड झाली. लपवत होते हे खरंच आहे, पण कायद्याने बांधलेले होते म्हणून. १९९३च्या आयरिश सांख्यिकी कायद्यानुसार एखाद्या कंपनीने दिलेली माहिती ओळखू येईल अशा रीतीने छापताच येत नाही. एका क्षेत्रात दोन-तीन कंपन्यांचाच पसारा असेल, तर त्या क्षेत्राची बेरीज छापली तरी कंपनी उघडी पडते. मग दोन-चार क्षेत्रं एकत्र करून एकच ओळ द्यावी लागते. जगातलं कुठलंही प्रामाणिक सांख्यिकी कार्यालय हेच करतं. करविषयक अर्थतज्ज्ञांनी पुढे अॅपलच्या त्या वर्षीच्या पुनर्रचनेकडे बोट दाखवलं. सीएसओने मात्र नाव घेतलं नाही, आणि घ्यायलाच नको होतं.

त्या वर्षी झालं काय, ते नीट समजून घ्या. देशातला भांडवली साठा वर्षभरात सुमारे ३०० अब्ज युरोंनी, म्हणजे जवळपास ४० टक्क्यांनी वाढला. एकही कारखाना न बांधता. बहुराष्ट्रीय कंपन्यांनी पेटंटं, सॉफ्टवेअरचे हक्क अशी बौद्धिक संपदा आयरिश कंपन्यांच्या नावावर केली. काहींचे तर अख्खे ताळेबंदच आयर्लंडला हलले, त्यामुळे ती रक्कम त्या वर्षीच्या आयातीत किंवा गुंतवणुकीत न दिसता थेट साठ्यात आली. विमानं भाड्याने देणाऱ्या कंपन्यांचीही त्यात भर होती.

आता एक हिशोब मांडतो. आकडे कल्पित आहेत, पण पद्धत खरी आहे. एका कंपनीने १०० कोटी युरोंचं पेटंट विकत घेऊन आयर्लंडमध्ये आणलं. गुंतवणूक १०० कोटींनी वाढली, आयातही १०० कोटींनी वाढली, जीडीपीवर परिणाम शून्य. पुढच्या वर्षी या आयरिश कंपनीने चीनमधल्या एका कारखान्याला १० कोटी देऊन माल बनवून घेतला आणि तो जगभर ३० कोटींना विकला. माल आयर्लंडच्या बंदराला शिवलासुद्धा नाही. पण युरोपात सप्टेंबर २०१४पासून लागू असलेल्या राष्ट्रीय लेख्यांच्या ‘ईएसए २०१०’ नियमांत सीमा कोणी ओलांडली हे बघत नाहीत, मालकी कोणाची हे बघतात. म्हणून ३० कोटी आयर्लंडची निर्यात, १० कोटी आयात, आणि जीडीपीत २० कोटींची भर.

या २० कोटींची वाटणी बघा. पगार नगण्य, सोडून द्या. पेटंटचा वर्षाचा घसारा, म्हणजे त्याची किंमत दरवर्षी जेवढी झिजली असं धरतात ती रक्कम, धरा १२ कोटी. उरला नफा ८ कोटी. त्यावर साडेबारा टक्क्यांनी १ कोटी कर डब्लिनच्या तिजोरीत गेला आणि ७ कोटी परदेशी मालकांचे झाले. म्हणजे जीडीपी वाढला २० कोटींनी आणि आयर्लंडला खरोखर मिळाला १ कोटी.

इथे थोडं शिकलेली माणसं म्हणतात, ‘मग जीएनआय, म्हणजे स्थूल राष्ट्रीय उत्पन्न, वापरा, त्यात परदेशी गेलेला नफा वजा होतो की.’ होतो, पण नफा हा घसारा काढल्यानंतरचा असतो. २० मधून ७ गेले, १३ उरले. त्यातले १२ निव्वळ घसारा, तोही परदेशी मालकाच्या पेटंटचा. ‘स्थूल’ या शब्दाखाली तो जीएनआयमध्येही तसाच बसून राहतो. हा मुद्दा भल्याभल्यांच्या लक्षात येत नाही. दुसरी गोची याच्या उलट आहे. काही कंपन्यांनी फक्त मुख्यालय कागदोपत्री आयर्लंडला हलवलं, धंदा सगळा बाहेर. त्यांचा जगभरातला नफा आयर्लंडमध्ये येतो आणि लाभांश वाटला जाईपर्यंत आयर्लंडचं उत्पन्न म्हणून मोजला जातो. त्याने जीडीपीला धक्का लागत नाही, जीएनआय मात्र फुगतो. आयरिश अर्थतज्ज्ञ जॉन फिट्झजेराल्ड यांनी हे २०१३मध्येच दाखवून दिलं होतं.

विमानांची गंमतही तीच. जगातल्या भाडेपट्ट्यावरच्या विमानांपैकी निम्म्याहून जास्त विमानांचा कारभार आयर्लंडमधून चालतो. मुंबईच्या धावपट्टीवर उतरणारी कितीतरी विमानं आयरिश कंपन्यांच्या मालकीची असतात. ती आयुष्यात डब्लिनला जात नाहीत, पण त्यांचं भाडं आयर्लंडची निर्यात असते आणि त्यांचा घसारा आयर्लंडच्या जीडीपीत असतो.

यावर उपाय सुचवायला आयर्लंडच्या सेंट्रल बँकेचे तेव्हाचे गव्हर्नर फिलिप लेन यांच्या अध्यक्षतेखाली गट नेमला गेला आणि त्यातून सुधारित जीएनआय आला. तिथे त्याला ‘जीएनआय स्टार’ म्हणतात. नेहमीच्या जीएनआयमधून तीन गोष्टी वजा करायच्या: मुख्यालय हलवलेल्या कंपन्यांचं उत्पन्न, आयात केलेल्या संशोधन सेवा व बौद्धिक संपदेचा घसारा, आणि भाड्याच्या विमानांचा घसारा. जुलै २०१७मध्ये तो पहिल्यांदा छापला गेला. २०१६साठी जीडीपी होता २७५.६ अब्ज युरो आणि सुधारित जीएनआय १८९.२ अब्ज. जवळजवळ तिसरा हिस्सा गळाला.

तुमचा लाख डॉलरचा आकडा आता सोलून बघा. २०२३चा जीडीपी साधारण ५१० अब्ज युरो, लोकसंख्या सुमारे ५२.८ लाख. माणशी ९६ हजार युरोंच्या वर, म्हणजे लाखभर डॉलर. त्याच वर्षाचा सुधारित जीएनआय पहिल्या प्रसिद्धीत साधारण २९१ अब्ज होता, म्हणजे माणशी ५५ हजार. जुलै २०२४मध्ये आलेल्या त्याच लेख्यांत जीडीपी ५.५ टक्क्यांनी घटलेला आणि सुधारित जीएनआय ५ टक्क्यांनी वाढलेला होता. देश मंदीत की तेजीत, हे नुसत्या जीडीपीवरून सांगणाऱ्याने त्या वर्षी साफ उलटं सांगितलं असतं. कर्जाचंही तसंच. २०२३अखेर सरकारी कर्ज जीडीपीच्या ४३ टक्क्यांच्या आसपास दिसत होतं, पण सुधारित जीएनआयशी ताडून बघितलं तर ७५ टक्क्यांच्या पुढे जात होतं.

तिमाहीचे आकडे तर आणखी चंचल. २०२५च्या पहिल्या तिमाहीत अमेरिकेच्या आयात शुल्काच्या धास्तीने औषधं घाईघाईने अमेरिकेला रवाना झाली. आयर्लंडच्या जीडीपीच्या वाढीचा पहिला अंदाज ३.२ टक्के होता, तो पुढे ९.७ झाला आणि अख्ख्या युरो क्षेत्राची वाढसुद्धा त्याने वर ओढली. तिमाहीला देशातली हालचाल बघायची असेल तर ‘सुधारित देशांतर्गत मागणी’ बघा. तिच्यात घरगुती खर्च, सरकारी खर्च आणि विमानं व बौद्धिक संपदा वगळून उरलेली गुंतवणूक एवढंच असतं.

दुसऱ्या देशाशी तुलना करायची असेल तर सुधारित जीएनआय चालत नाही, कारण बाकी देश तो काढतच नाहीत. तिथे युरोस्टॅटचा, म्हणजे युरोपीय संघाच्या सांख्यिकी कार्यालयाचा, ‘प्रत्यक्ष वैयक्तिक उपभोग’ घ्या. कुटुंबाने स्वतः केलेला खर्च आणि सरकारने त्याला दिलेलं शिक्षण, आरोग्य वगैरे असं दोन्ही त्यात येतं, आणि किमतींतला फरकही काढून टाकलेला असतो. दरडोई जीडीपीत आयर्लंड युरोपीय संघाच्या सरासरीच्या दुपटीहून वर आहे, पण या उपभोगात सरासरीच्या आसपासच, काही वर्षं तर खाली. सेंट्रल बँकेचे माजी गव्हर्नर पॅट्रिक होनोहान यांनी २०२१मध्ये निरनिराळे मापदंड लावून आयर्लंडला संघात आठव्या ते बाराव्या क्रमांकाच्या दरम्यान ठेवलं होतं. मला ते पटतं. चांगला सुखवस्तू देश आहे, पण पहिल्या नंबरचा नाही. विनिमय दराने डॉलर करून तुलना मात्र करू नका. घरगुती वापराच्या किमती तिथे संघाच्या सरासरीपेक्षा सुमारे ४० टक्क्यांनी चढ्या आहेत.

आता भाडं. राष्ट्रीय लेख्यांतून ते कळणारच नाही, त्यासाठी कुटुंबांची पाहणी लागते. सीएसओ दरवर्षी उत्पन्न व राहणीमानाची पाहणी करतं. त्यात लोकांच्या उत्तरांना कर खातं आणि समाजकल्याण खात्याच्या नोंदींची जोड दिलेली असते. २०२३च्या पाहणीत मध्यक, म्हणजे उत्पन्नाच्या क्रमाने रांग लावली तर बरोबर मधे येणाऱ्या, कुटुंबाचं खर्चायोग्य उत्पन्न होतं सुमारे ५५ हजार युरो. हे अख्ख्या कुटुंबाचं, आणि वरचे ५५ हजार माणशी. योगायोगाने आकडे सारखे आले, म्हणून लोक दोन्हींची खिचडी करतात. शिवाय पाहणी २०२३ची असली तरी उत्पन्न २०२२ सालचं आहे. महागाईच्या वर्षांत ही सरमिसळ महागात पडते.

कुटुंबाचं उत्पन्न माणशी करताना डोकी मोजून भागू नका. आयरिश मापात पहिल्या प्रौढाला १, पुढच्या प्रत्येक प्रौढाला ०.६६ आणि चौदा वर्षांखालच्या मुलाला ०.३३ असं वजन असतं. नवरा-बायको आणि दोन लहान मुलं मिळून २.३२. त्याने ५५ हजारांना भागलं तर साधारण २३,७०० युरो येतात. युरोस्टॅट मात्र १, ०.५ आणि ०.३ धरतं. बेरीज २.१, उत्तर २६,२००च्या आसपास. कुटुंब तेच, पैसे तेच, फरक अडीच हजारांचा. वर्तमानपत्रात आकडा दिसला की कुठलं माप वापरलंय, हे आधी विचारा.

आणि खरी मेख ही की, खर्चायोग्य उत्पन्नातून भाडं वजा केलेलं नसतं. डब्लिनमध्ये नव्या भाडेकराराला महिन्याला २,००० युरोंहून जास्त मोजावे लागतात, म्हणजे वर्षाला किमान २४ हजार. ५५ हजार कमावणाऱ्या दोन कुटुंबांपैकी कर्ज फिटलेल्या घरात राहणाऱ्याकडे ५५ उरतात आणि नव्याने गेलेल्या भाडेकरूकडे ३१. पाहणीत दोघंही एकाच ओळीत. आपले लोक बहुतेक दुसऱ्या गटात असतात, म्हणून ओरडतात, आणि त्यांचं ओरडणं रास्त आहे. भाडं आणि गृहकर्जाचं व्याज काढून सीएसओ गरिबीचा वेगळा आकडा देतं. तो बघा.

आता ‘कंपनी कर कमी करा, आयर्लंड बघा कुठे गेला’ म्हणणाऱ्या मंडळींना एकदाच सांगतो. पुरावा म्हणून दरडोई जीडीपी फेकू नका. वरच्या हिशोबातला तो १ कोटी दाखवा, तो खराखुरा आहे. आयर्लंडचा कंपनी कर २०१४मध्ये साडेचार अब्जांच्या आसपास होता, २०२३मध्ये पावणेचोवीस अब्जांच्या वर गेला. ही मोठी मिळकत आहे. पण त्यातला निम्म्याहून जास्त वाटा जेमतेम दहा कंपनी-समूह भरतात. अवघ्या पन्नासेक लाखांच्या देशात तो पैसा माणशी भरपूर वाटतो. महाराष्ट्रासारख्या बारा-तेरा कोटींच्या राज्याला ही वाट लागू पडेल, असं मानायला मला काही आधार दिसत नाही.

एक पुस्ती जोडायला हवी. सुधारित जीएनआयसुद्धा निर्मळ नाही, कारण हा कर त्यात पूर्ण मोजला जातो. उद्या दोन-तीन कंपन्यांनी पेटंटं दुसरीकडे हलवली तर तोही घटेल. तो वर्षातून एकदाच येतो, नंतर त्यात दुरुस्त्या होतात, आणि युरोपीय संघाची वर्गणी आजही नेहमीच्या जीएनआयवरच ठरते. हा पैसा टिकेलच असं नाही, हे आयरिश सरकारलाही माहीत आहे. म्हणून २०२४मध्ये कायदा करून त्यांनी फ्यूचर आयर्लंड फंड उभा केला. त्यात दरवर्षी जीडीपीच्या ०.८ टक्के रक्कम टाकायची आहे. इथे मुद्दाम फुगलेलाच आकडा धरलाय, त्यामुळे वर्षाला चार अब्ज युरोंच्या वर बाजूला पडतात. सुधारित जीएनआय धरला असता तर सव्वादोन-अडीच अब्जांवर भागलं असतं. जीडीपीचा आयर्लंडमध्ये मला पटलेला वापर हाच.