ठासणीच्या रायफलीची चिंधी: वंगणाला घरातलं काय चालेल?

चिंधी म्हणजे गोळीभोवती गुंडाळून नळीत ठासायचं, वंगण लावलेलं कापड. त्या वंगणासाठी आधी मशीनचं तेल, ग्रीस आणि व्हॅसलीन बाजूला ठेवा. काळ्या दारूबरोबर खनिज तेल जळलं की नळीत डांबरासारखी काजळी धरते, आणि तिसऱ्या-चौथ्या बाराला गजाने (ठासायच्या दांड्याने) गोळी ठासताना घाम फुटतो. खारं बटरही नको, मिठाने नळी गंजते.

साजूक तूप, खोबरेल चालतं. पण आपला ग्वाल्हेरचा मे विसरू नका. खोबरेल 24-25 अंशांनाच पातळ होतं. 45 अंशांत ते चिंधीतून दारूत झिरपतं आणि बार फुसका जातो. म्हणून मेण हवंच. पंसाऱ्याकडे मधमाशीचं मेण मागा, मेणबत्तीचं नव्हे. उन्हाळ्यात एक भाग मेणाला दोन भाग एरंडेल, थंडीत तीन. भांडं गरम पाण्यात ठेवून वितळवा. दारूचा डबा त्या खोलीतही नको.

कापड निव्वळ सुती, घट्ट विणीचं, खळ धुऊन काढलेलं, साधारण 0.4 मिमी जाड. टेरिकॉट वितळून आट्यांना (नळीच्या आतल्या पीळदार खाचांना) चिकटतं. चिंधी बोटाला तेलकट लागावी, निथळू नये.

साबणाचं पाणी काजळी मऊ ठेवतं, स्वस्तही आहे. मात्र लगेच बार काढायचा असेल तरच. भरून ठेवलीत तर दारू ओलावते.

खरी परीक्षा बारानंतर. पुढे पडलेली चिंधी उचलून बघा. मध्ये जळून भोक पडलं असेल तर वंगण कमी किंवा कापड पातळ. सरळ चिरा असतील तर नळीच्या तोंडाशी आटे धारदार आहेत. तिथे वंगण बदलून काही होणार नाही.