चहातले थेंब

"मॅडम, आजार आहे हे तो मान्यच करत नाही. कसं पटवायचं?" स्किझोफ्रेनिया, म्हणजे भास-भ्रम होणारा मानसिक आजार, झालेल्यांच्या घरचे समोर बसले की पहिला प्रश्न बहुतेक हाच असतो. त्यासाठी एका मायलेकाची गोष्ट सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

मुलगा अठ्ठावीस वर्षांचा, आयटीआय झालेला. वरच्या मजल्यावरचे लोक पंख्यातून आपल्याविषयी बोलतात, या भीतीने त्याची झोप उडाली होती. थोरला भाऊ पंखा उघडून दाखवायचा, "बघ, आहे का काही?" वडील ओरडायचे. शेवटी आईने थेंबांचं औषध गुपचूप चहात घालायला सुरुवात केली. चार महिने बरे गेले. मग एक दिवस तांदळाच्या डब्यामागे त्याला ती बाटली सापडली.

घरचे खाण्यात काहीतरी घालतात, असं तो आधीपासून म्हणत होता. सगळे म्हणत, हा भ्रम आहे. आता पुरावाच त्याच्या हातात आला. त्याने घरचं अन्न सोडलं, बंद पुड्यातली बिस्किटं तेवढी खायचा.

मी काकूंना, म्हणजे त्याच्या आईला, दोष दिला नाही. थकलेल्या घरांत हे सर्रास होतं. पण चोरून औषध देऊ नका असं मी कळकळीने सांगते ते याचसाठी.

काकूंना वाटायचं, पोरगा हट्टी आहे. मी त्यांना अर्धांगवायूचं उदाहरण दिलं. काही रुग्णांचा डावा हात लुळा पडतो आणि तो हलत नाही हे त्यांना कळतच नाही. १९१४ मध्ये बाबिन्स्की या फ्रेंच मेंदूतज्ज्ञाने या अवस्थेला नाव दिलं. स्किझोफ्रेनियातही असंच काहीसं होत असावं, असं बऱ्याच तज्ज्ञांना वाटतं. ज्या मेंदूने आजार ओळखायचा, तोच आजारी. तिथे वाद घालून काय हाती लागणार?

काकूंनी लेकाची माफी मागितली. "चुकले रे, पुन्हा विचारल्याशिवाय काही देणार नाही." तीन आठवड्यांनी तो माझ्याकडे आला, तेही दारातच सांगत, "मला वेड लागलेलं नाही." मी म्हटलं, "झोपेचं काय?" झोप नाही, हे त्याला मान्य होतं. जीव घाबरतो, हेही. आम्ही तेवढंच धरलं. पंख्याचा विषय मी काढला नाही. डॉक्टरांनी गोळी कशाची आहे ते खरं सांगितलं. भीती कमी होईल, झोप लागेल, वजन वाढू शकतं, हेही सांगितलं. स्ट्रिपमधून स्वतः काढून घ्यायला तो तयार झाला. (जिवाला धोका असेल तर मात्र थांबायचं नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात संमती नसतानाही दाखल करण्याची तरतूद आहे. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो.)

सात-आठ महिन्यांनी तो म्हणाला, "मॅडम, लाइट गेले होते. पंखा बंद, तरी आवाज आले. मग ते पंख्यातून कसे येतील?"

काकूंना आनंद झाला. मला काळजी वाटली. कारण पुढच्याच भेटीत तो मान खाली घालून म्हणाला, "म्हणजे माझी पाच वर्षं अशीच गेली?" समज येते तेव्हा सोबत दुःखही येतं, कधी जगणं नकोसं होतं. मी त्याला सरळ विचारलं, मरणाचे विचार येतात का? येत होते. डॉक्टरांना लगेच कळवलं, आठवड्याला दोनदा भेटू लागलो, आणि "बघ, आम्ही म्हणत होतो ना" हे वाक्य घरात कुणीही उच्चारायचं नाही, असं भावाला बजावलं.

आज तो गोळी घेतो. वरच्या लोकांचं आपल्याशी काहीतरी वाकडं आहे, असं अजून म्हणतो. आजाराचं नाव घेत नाही. पण आवाज वाढले की आईला येऊन सांगतो, "आज जास्त आहे." काकू विचारतात, "बसू का जवळ?"