१/७२ च्या मिग-२१ ला फोटोएच आणि रेझिनचे भाग लावावेत का?

तुमच्याकडे मिग-२१ बिस या लढाऊ विमानाच्या प्लास्टिक मॉडेलचं १/७२ किट (खऱ्याच्या बहात्तराव्या भागाएवढं) आहे, आजवर डब्यात जे आलं तेवढंच बांधलंय, आणि आता फोटोएचचा (पातळ पितळी पत्र्यात कोरलेल्या भागांचा) मोठा सेट आणि रेझिनचं (ओतीव राळेचं) कॉकपिट दोन्ही घेऊ का, असं विचारलंय. दोन्ही नका घेऊ. आधी कॅनोपी (वैमानिकाच्या डोक्यावरची काच) उघडी ठेवायची की बंद, ते ठरवा. बंद असेल तर आतलं डोकं टेकायची उशी आणि पट्टे सोडून फारसं काही दिसत नाही, रेझिनचे पैसे वाया.

हिशेब सोपा आहे. या स्केलला १ मिमी जाडीचा प्लास्टिकचा दरवाजा म्हणजे खऱ्या विमानात ७२ मिमीचा. पितळी पत्रा साधारण ०.१ मिमी, म्हणजे ७ मिमी. त्यामुळे जिथे वस्तू मुळातच पातळ आणि सपाट आहे तिथेच फोटोएच शोभतं: सीटचे पट्टे, चाकांच्या दारांच्या आतल्या बाजू, छोटे अँटेना. पण त्याच सेटमध्ये कंट्रोल स्टिक आणि थ्रॉटलही सपाट पत्र्यातच कापून देतात. ते सरळ बाजूला ठेवा. गोल दांडा तारेचाच करावा.

पहिला खर्च मी पिटो ट्यूबवर (वेग मोजण्यासाठी हवेचा दाब घेणारी लांब नळी) करीन. बिसला ती नाकावर वरच्या अंगाला, किंचित उजवीकडे असते. किटमधली बहुधा जाड असते आणि हात लागला की मोडते. लेथवर केलेली पितळी मिळते. नाहीतर इंजेक्शनच्या जाड-बारीक दोन सुया एकात एक बसवा. सुई पकडीने तोडू नका, चेपते. कानशीवर फिरवत कापा. आणि हा भाग डिकल (चिकटवायची चिन्हं), वार्निश सगळं झाल्यावर, अगदी शेवटी लावा.

मॉडेलचा नेहमीचा सिमेंट प्लास्टिक विरघळवून जोडतो, त्यामुळे पितळ किंवा रेझिनला त्याचा उपयोग नाही. सुपरग्लू लागतो. थेंब टाइलवर काढा आणि टाचणीच्या टोकाने उचला. कॅनोपीजवळ मात्र सुपरग्लू नको, त्याच्या वाफेने काच पांढरी पडते. तिथे आपला फेविकॉल बरा. पितळ आधी गॅसच्या ज्योतीवर लालसर करून गार होऊ द्या. मऊ पडतं, पट्टे सीटवर नीट लोळतात. पितळी भाग त्याच्या फ्रेममधून कापताना वर चिकटपट्टी लावा, नाहीतर तो तुकडा फरशीवर परत सापडायचा नाही.

कॅनोपी उघडी ठेवणार असाल (बिसची उजवीकडे कलते) तर रेझिनची फक्त सीट घ्या, केएम-१. पूर्ण टब (कॉकपिटचा अख्खा भाग) बसवायला फ्यूजलाजच्या (विमानाच्या धडाच्या) भिंती आतून खरवडाव्या लागतात, पहिल्या खेपेला तो उद्योग नको. रेझिन पाण्याखाली घासा, मास्क लावून. त्याची धूळ फुफ्फुसांना वाईट.

फोटो बघताना एक सांभाळा. सप्टेंबर २०२५ मध्ये चंदीगडला हवाईदलाने ज्या मिग-२१ ना निरोप दिला ते बायसन, म्हणजे बिसचंच सुधारलेलं रूप. त्यांची पुढची काच एकसंध आहे, कॉकपिटही बदललेलं. ओझरला एचएएलने बांधलेलं जुनं बिस करायचं असेल तर चौकटीची काच आणि आत तो रशियन निळा-हिरवा रंग हवा. कॅनोपीचं काय ठरतंय ते कळवा, मग कुठला सेट घ्यायचा ते बोलू.