पी/ई अवघा ४ असतानाही शेअर का पडला?

गुंतवणुकीचा सल्ला घेण्यासाठी येणारे अनेक जण एकच शंका घेऊन येतात: पी/ई गुणोत्तर (शेअरचा भाव भागिले प्रतिशेअर वार्षिक नफा) कमी पाहून घेतलेला शेअर पडतो आणि ते भरमसाट दिसले म्हणून सोडलेला शेअर चढतो, मग या आकड्याचे करायचे काय? एका निवृत्त अभियंत्यांचे उदाहरण, ओळख पटणार नाही अशा बेताने, येथे देतो.

त्यांनी सप्टेंबर २०१८ मध्ये मायक्रॉन या अमेरिकी मेमरी चिप कंपनीचे शेअर सुमारे ४५ डॉलरने घेतले होते. ऑगस्टअखेर संपलेल्या वर्षात कंपनीचा प्रतिशेअर नफा ११.५१ डॉलर होता, म्हणजे पी/ई जेमतेम ४. डिसेंबरअखेर भाव ३० डॉलरच्या आसपास आला आणि त्यांनी घाबरून सगळे विकले. पुढे ऑगस्ट २०२४अखेर भाव ९५ डॉलरच्या आसपास होता आणि त्या वर्षाचा प्रतिशेअर नफा नंतर जाहीर झाला तो केवळ ०.७० डॉलर, म्हणजे पी/ई १३० च्या वर दिसला, तेव्हा ते त्या शेअरच्या वाटेलाच गेले नाहीत. वर्षभराने भाव १२० च्या घरात होता आणि त्या वर्षाच्या नफ्याने पी/ई १६ वर उतरला होता. “भाव वाढून गुणोत्तर घटते कसे?” हा त्यांचा प्रश्न होता.

मी त्यांना भाव बाजूला ठेवून छेदाकडे, म्हणजे नफ्याकडे पाहायला सांगितले. डीरॅम, म्हणजे संगणक व फोनमधील तात्पुरत्या स्मृतीच्या चिपचे अर्थकारण कांद्यासारखे आहे: भाव चढला की सगळे लागवड वाढवतात आणि माल एकदम बाजारात आला की भाव कोसळतो, फरक इतकाच की चिपचा कारखाना उभा राहायला काही वर्षे लागतात. म्हणूनच मायक्रॉनचा प्रतिशेअर नफा २०१९ मध्ये ५.५१ आणि २०२० मध्ये २.३७ डॉलरवर आला, तर २०२३ मध्ये ५.३४ डॉलरचा तोटा झाला, आणि तोट्याच्या वर्षी पी/ई काढताच येत नाही. बाजार पुढच्या नफ्याचा अंदाज घेऊन आधीच हलत असल्याने नफ्याच्या शिखरावर गुणोत्तर फसवे स्वस्त आणि तळाशी फसवे महाग दिसते.

मग २०१४ ते २०१८ या पाच वर्षांच्या नफ्याची सरासरी आम्ही मिळून काढली. ती ४ डॉलरच्या किंचित वर आली. त्या हिशेबाने ४५ डॉलरच्या भावाला पी/ई ४ नव्हे, सुमारे ११ होता. तो महाग नव्हता, पण पडणारच नाही इतका स्वस्तही नव्हता. स्वतःच्या बुद्धीवर शंका घेत आलेल्या या गृहस्थांना ते पाहून खरोखर हायसे वाटले.

एआयसाठी लागणाऱ्या हाय बँडविड्थ मेमरीमुळे (अतिवेगाने माहिती पुरवणाऱ्या डीरॅममुळे) हे चक्र आता मोडले का, असे त्यांनी विचारले. डेटा सेंटरच्या मागणीने चक्र संपले, असे २०१८ मध्येही बोलले जात होते, हे मी त्यांच्या नजरेस आणून दिले. यापुढे मेमरी कंपनीत भाव निम्मा झाला तरी झोप उडणार नाही एवढीच रक्कम ठेवायची आणि प्रत्येक तिमाहीला पी/ईच्या आधी कंपनीकडे पडून असलेला साठा व नव्या कारखान्यांवरील खर्च पाहायचा, असे आमचे ठरले.