ओठ नीट आहेत, टाळू बघितला का?

प्रश्न : सिस्टर, नमस्कार. माझी मुलगी अडीच महिन्यांची आहे. जन्मली तेव्हा २ किलो ८०० ग्रॅम, गेल्या सोमवारी ३ किलो ३००. पहिल्या दिवसापासून पाऊण-एक तास अंगावर घेतली तरी तिचं पोट भरायचं नाही. टक्-टक् आवाज येतो, नाकातून दूध येतं, ठसका लागतो, दमून झोपते आणि वीस मिनिटांत पुन्हा रडायला लागते. सगळ्यांचं एकच, आईला दूधच नाही. शतावरी झाली, अळिवाची खीर झाली, डिंकाचे लाडू झाले. चाळिसाव्या दिवशी दुसऱ्या डॉक्टरांनी तोंडात बॅटरी मारून पाहिलं, तर टाळूला मागच्या बाजूला फट. ओठ अगदी नीट आहेत, त्यामुळे आधी कुणाच्या लक्षात आलं नाही. ‘ऑपरेशन वर्षाच्या आसपास करू, तोवर वाटी-चमच्याने पाजा,’ एवढंच सांगितलं. मी दोन्ही करते. आधी तासभर अंगावर, मग चमचा. तो संपेपर्यंत पुढची वेळ होते. आता दूधही आटत चाललंय. सासूबाई म्हणतात, ग्रहणात सुरी हातात घेतलीस. घेतली होती. अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी रात्री मळमळत होतं म्हणून लिंबू कापलं. सातवा महिना चालू होता. आत्या म्हणते, गाईच्या दुधात पाणी घालून दे. अंगावर पाजणं सोडलं तर मी आई कसली, असं वाटतं. आणि कधी कधी पहाटे वाटतं, हिला कुणीतरी घेऊन जावं. लिहितानाही लाज वाटते.
— एक आई, बार्शी

उत्तर : अगं, आधी त्या लिंबाचा निकाल लावू. तू म्हणतेस ते ७ सप्टेंबर २०२५ चं चंद्रग्रहण. तेव्हा तुला सातवा महिना होता. बाळाच्या टाळूचे दोन्ही पडदे दोन बाजूंनी येऊन मध्यावर सांधतात ते गरोदरपणाच्या बाराव्या आठवड्यापर्यंत, म्हणजे तिसरा महिना संपायच्या आत. तुझ्या मुलीच्या टाळूचं जे व्हायचं ते तू लिंबू कापायच्या निदान तीन महिने आधी होऊन गेलं होतं. सासूबाईंना हे असंच महिने मोजून सांग, वाद घालू नकोस. ओठ किंवा टाळू दुभंगलेलं बाळ जगात साधारण सातशे जन्मांमागे एक असतं, जिथे ग्रहण पाळत नाहीत तिथेही. बहुतेक वेळा नेमकं कारण सापडत नाही.

आता दुधाचं. तुला दूध नव्हतं असं मला तुझ्या पत्रात कुठेच दिसत नाही. शहाळ्यात स्ट्रॉ घाल, त्या स्ट्रॉला मध्ये एक भोक पाड आणि ओढून बघ. गाल दुखतील, हवा येईल, पाणी येणार नाही. तुझ्या मुलीचं तसंच होतंय. दूध ओढायला तोंड आतून बंद लागतं. टाळूला फट असली की हवा नाकातून आत येते, ओढ बसतच नाही. तो टक्-टक् आवाज त्याचाच. ती तासभर राबते, थेंबभर मिळवते, आणि मिळालेलं त्या राबण्यातच खर्च करते. दोन आठवड्यांनंतर दिवसाला २० ते ३० ग्रॅम वजन वाढायला हवं होतं. त्या हिशोबाने ती आज सव्वाचार किलोच्या आसपास असती. मधला किलोभर तिथे गेला.

दूध आटतंय तेही याच कारणाने. विहिरीचा उपसा थांबला की झरे बुजतात. लाडूंनी झरे उघडत नाहीत, उपसा लागतो. (लाडू खा हो, तुझ्या भुकेसाठी खा.)

म्हणून अंगावरचा तो एक तास आजपासून बंद. दूध हाताने किंवा पंपाने काढायचं, दिवसातून आठ वेळा, आणि त्यातली एक वेळ रात्री दोन-तीनची. रात्रीच्या उपशाने दूध जास्त चढतं, ही वेळ चुकवू नको. हाताने काढायचं तर अंगठा आणि बोटं काळ्या भागाच्या कडेवर ठेव, आधी छातीकडे दाब, मग एकमेकांकडे. बोंड पिळायचं नाही, त्याने फक्त दुखतं. पहिले दोन-तीन दिवस वाटीचा तळ जेमतेम झाकेल. घाबरू नको, वाढायला आठ-पंधरा दिवस लागतात. काढलेलं दूध झाकून खोलीत चार तास राहतं, फ्रीजमध्ये दुसऱ्या दिवसापर्यंत.

तिला दिवसाला किलोमागे दीडशे मिली धर, म्हणजे पाचशेच्या आसपास. आठ वेळांत वाटलं तर दर वेळी साठ-पासष्ट. वजन भरून काढायचंय, तेव्हा मागेल तर जास्त दे. आणि घड्याळ लाव. अर्ध्या तासात पाजणं संपलं पाहिजे. उरलं तर उरलं, पुढच्या वेळी बघू.

चमच्यापेक्षा बोंडलं, म्हणजे बाळाला पाजायची ती चोचीची छोटी वाटी, बरं. तुमच्या घरात चांदीचं बोंडलं नक्की असेल, निदान सासूबाईंच्या ट्रंकेत. आतून काळपट असेल किंवा चोचीला डाक (धातूची झाळ) लावलेला असेल तर ते ट्रंकेतच राहू दे आणि मेडिकलमधून स्टीलचं आण. दहा मिनिटं उकळायचं, चोचीत दुधाची साय अडकते ती बघायची. मात्र बोंडल्याने पाजायची आजीबाईंची पद्धत, म्हणजे बाळ पायावर आडवं घ्यायचं आणि घशात ओतायचं, ती विसर. दूध श्वासनळीत जातं. तिला मांडीवर जवळजवळ बसती धर, मान तुझ्या कोपरात. चोच गालाच्या आतल्या बाजूला टेकव, दूध ओठाला लागेल एवढंच कलव आणि गिळल्याचं दिसेपर्यंत थांब. ती हवा खूप गिळते, म्हणून मध्ये दोन-तीनदा ढेकर काढायचा. नाकातून थोडं आलं तर थांब, पूस, पुन्हा सुरू कर. रस्ता उघडा आहे म्हणून ते येतं, त्याने इजा होत नाही. काही बाळांना मऊ, दाबता येणारी बाटली जमते. पण ती डॉक्टरांनी शिकवल्यावर.

पोट भरल्यावर अंगाशी घे, पाच मिनिटं चोखू दे. तेव्हा ती जेवायला आलेली नसते, तुझ्याकडे आलेली असते. ‘मी आई कसली’ याचं उत्तर मला एवढंच देता येतं. तिच्या पोटात तुझंच दूध जाणार आहे, वाट तेवढी वेगळी.

तुझं दूध चढेपर्यंत कमी पडलं तर डॉक्टरांना विचारून पावडरचं दे आणि मनाला लावून घेऊ नको. पण डब्यावर लिहिलंय तेवढंच पाणी. डबा जास्त दिवस पुरावा म्हणून पातळ केलेल्या दुधावर वाळलेली बाळं मी वॉर्डात पाहिली आहेत. आत्याच्या पाणी घातलेल्या गाईच्या दुधाचंही तेच, ते नको. पाणी, मध, गुटी, काही नको.

आता माझं एक. मी एकतीस वर्षं लहान मुलांच्या वॉर्डात काढली. नोकरीच्या सहाव्या-सातव्या वर्षी रात्रपाळीत एक मुलगा माझ्या हातात आला होता. रडला छान, रंग छान, ओठ छान. मी कागदावर ‘तोंड : नॉर्मल’ लिहिलं आणि पुढच्या पाळण्याकडे गेले. तीन आठवड्यांनी तीच आई परत आली, मुलाचं वजन जन्माहून कमी. टाळूला फट होती. त्या बाईलाही घरी सगळ्यांनी सांगितलं होतं, तुला दूध नाही, आणि मीही पहिल्या दिवशी तिला तेच म्हणाले होते. त्यानंतर बोट घालून आणि बॅटरी मारून टाळू पाहिल्याशिवाय एकही बाळ मी पुढे जाऊ दिलं नाही. पण तो कागद आधीच लिहून झाला होता. तुझ्या पहिल्या दवाखान्यात काय झालं असेल ते मला म्हणून कळतं.

ऑपरेशन साधारण नऊ महिन्यांपासून दीड वर्षापर्यंत करतात. वजन आणि रक्त चांगलं असेल तर वेळेवर होतं, म्हणून आत्ता सगळा जोर वजनावर. पैशांची काळजी असेल तर आशाताईंना राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं विचार. २०१३ पासून चालू आहे आणि दुभंगलेला टाळू त्यात येतो. एक गोष्ट तुला कुणी सांगितलेली दिसत नाही, ती म्हणजे कान. या मुलांच्या कानाच्या पडद्यामागे पाणी साठतं, कमी ऐकू येतं, मग बोलणं मागे पडतं. ऐकण्याची तपासणी आत्ताच मागून घे. ऑपरेशननंतर स्पीच थेरपी लागू शकते, ते पुढचं पुढे.

थांबू नये अशा गोष्टी : ओठ निळसर होणं, श्वास घेताना छाती आत ओढली जाणं, दिवसात सहापेक्षा कमी वेळा लघवी, पाजायला उठवूनही न उठणं. त्या वेळी मासिक आणि सिस्टर दोन्ही बाजूला ठेव आणि दवाखाना गाठ.

आणि ते पहाटेचं. अडीच महिने सलग दोन तास झोप न मिळालेल्या बाईला तसं वाटतं, त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण ते नुसतं माझ्यापुरतं ठेवू नको. या आठवड्यात नवऱ्याला याच शब्दांत सांग आणि डॉक्टरांनाही. हे रोज वाटू लागलं, किंवा स्वतःला नाहीतर बाळाला काही करावंसं वाटलं, तर त्याच क्षणी बाळ दुसऱ्या कुणाकडे दे आणि दवाखान्यात जा. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर रात्रीही लागतो, मराठीत बोलतात. रात्री दहा ते दोनची पाजणी नवऱ्याने करायची. तू दहाला दूध काढून ठेव आणि दोनपर्यंत झोप. बोंडल्याचा हा एक फायदा, ते कुणाच्याही हाताला जमतं. संध्याकाळची वेळ सासूबाईंकडे दे. ज्या हाताने त्यांनी तुझ्या नवऱ्याला बोंडल्याने पाजलं असेल, त्याच हातात आता नातीला बसवून बघू देत. ग्रहण आपोआप मागे पडेल.

दर आठवड्याला एकाच काट्यावर, कपडे काढून वजन कर. पंधरा दिवसांनी मला कळव. मोठं पत्र नको, नुसता आकडा.